ऑइल कूलर घरीच बदलला, माझा अनुभव

आमच्या जुन्या डिझेल गाडीच्या कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) टाकीत चॉकलेटी मलई दिसायला लागली, मेकॅनिक म्हणाला हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं, हेड उतरवावं लागेल. पण डिपस्टिकवर ऑइल एकदम स्वच्छ, पांढरा धूर नाही, गाडी गरमही होत नव्हती, म्हणून मला ऑइल कूलरचाच संशय, यात ऑइल आणि कूलंट शेजारशेजारच्या वेगळ्या वाटांनी जातात आणि कूलंट ऑइलला थंड करतं. चालू इंजिनात ऑइलचं प्रेशर कूलंटपेक्षा जास्त असतं ना, मग कूलर आतून चिरला की ऑइल पाण्यात घुसतं.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर ऑइल आणि कूलंट दोन्ही ड्रेन केलं, फिल्टर काढला, त्याच्या मागचा कूलर बोल्ट सोडले की हातात येतो. ओ-रिंग नवीनच टाका, बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) आवळा, अ‍ॅल्युमिनियमचे आटे पटकन जातात.

खरा वैताग साफसफाईचा! फ्लशचं लिक्विड घालायचं, हीटर फुल्ल, इंजिन तापवायचं, थंड झालं की पाणी काढायचं, पुन्हा तेच, तरी वर तवंग आहेच. ऑइलने फुगून मऊ पडलेला कूलंटचा वरचा होज (रबरी पाइप) पण बदलला, तो ठेवला असता तर हायवेवर फाटला असता. शेवटी नवीन कूलंट, नवीन ऑइल आणि फिल्टर. जुनं ऑइल गटारात ओतू नका, गॅरेजवाले ड्रममध्ये घेतात.