नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) डोंगरावर पायी जात असाल तर

मे महिन्यात आपल्या इकडे चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जाते, तरी पोट्टे दुपारी बारा वाजता डोंगरावरच्या देवीला पायी निघतात आन् सोबत पाण्याची एकच बाटली. असं करू नका बाप्पा. अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीच्या वाळवंटातही उन्हाळ्यात सकाळी १० नंतर खालच्या भागात पायी फिरू नका म्हणूनच सांगतात, आपली हवाही तशीच कोरडी, घाम आला न आला तोच सुकून जाते म्हणून अंगातलं पाणी किती गेलं ते समजतच नाही.

पहाटे ५ ला निघा, ९ च्या आत सावलीत या. अर्धं पाणी संपलं की जिथं असाल तिथून परत फिरा, देवी कुठं जात नाही. नुसतं पाणीच ढोसू नका, घामासोबत मीठही जाते, म्हणून १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आन् अर्धा चमचा मीठ टाकून न्या (चमचा चहाचा). डोक्याला दुपट्टा ओला करून बांधा. खिशात कांदा ठेवता तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

आन् सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग तापलं तर ऊन लागलंच समजा, मग घाम येत असला तरीही. लगेच सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओतत वारा घाला, मान न् काखेत ओलं फडकं ठेवा, १०८ ला फोन लावा. शुद्धीत नसंल तर तोंडात पाणी अजिबात टाकू नका.