ऑलिव्हर रीड कसा बघावा: जत्रेच्या नाटकात काम करणाऱ्या पोरांसाठी

खानापूर-बेळगाव भागात जत्रेचं नाटक बसवताना पडद्यामागं एक वाक्य हमखास कानावर येतं: "थोडी घेतल्याशिवाय खलनायक रंगत नाही, सर." गोवा जवळ, चोर्ल्याच्या घाटातून बाटली यायला वेळ लागत नाही. असं म्हणणाऱ्या पोराला मी ऑलिव्हर रीडचे सिनेमे बघायला लावतो. ब्रिटनमधला हा नट पिण्यासाठी जितका गाजला, तितकी त्याची कला लोकांनी नीट बघितलीच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

१९९१ साली तो टीव्हीवरच्या चर्चेत झिंगून बसला होता. त्या क्लिपा इंटरनेटवर लगेच सापडतील. पण त्या क्लिपा सुरुवातीलाच बघू नका.

सुरुवात 'ऑलिव्हर!'पासून करा, १९६८ चा. दिग्दर्शक कॅरल रीड हा त्याचा काका. सिनेमा गाण्यांचा, पण ऑलिव्हर रीडनं केलेला गुंड बिल साइक्स एकही गाणं गात नाही. त्याचे प्रसंग पहिल्यांदा आवाज बंद करून बघा. खोलीत आल्यावर तो कुणाकडं बघतो, कुणाकडं मुद्दाम बघत नाही, किती वेळ हलत नाही, हे वहीत लिहा. मग आवाज लावा. धमकी देताना तो आवाज चढवत नाही, खाली आणतो. आपल्याकडं डोक्यावर माइक टांगलेला असूनही खलनायक बेंबीच्या देठापासून ओरडतो. कशाला? माइक आहे म्हणूनच तर हळू बोलता येतं की!

नंतर दिग्दर्शक केन रसेलचे दोन: 'विमेन इन लव्ह' (१९६९) आणि 'द डेव्हिल्स' (१९७१). पहिल्यात शेकोटीपुढं अ‍ॅलन बेट्स या नटाशी कुस्ती आहे. लोक तेवढीच लक्षात ठेवतात. तुम्ही कुस्तीआधीचा त्याचा चेहरा बघा. दुसऱ्यातला पाद्री ग्रँडिये हे माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं काम. सिनेमा सोसायला जड आहे, दोन बैठकींत बघितला तरी चालेल.

नाट्यशाळा शिकलो नाही म्हणून खचू नका. रीडही शिकला नव्हता. गर्दीतली कामं करत तो वर आला, १९६१ ला हॅमर या भयपट काढणाऱ्या कंपनीच्या सिनेमात लांडगा-माणूस झाला. १९६३ साली बारमधल्या भांडणात काचेनं त्याचं तोंड फाटलं, व्रण कायमचे राहिले. ते व्रण पडद्यावर शोभले, म्हणून मारामारीनं नट घडतो असं कुणी समजू नये.

शेवटी 'ग्लॅडिएटर' सिनेमातला त्याचा प्रॉक्सिमो, लढवय्या गुलामांचा मालक. शूटिंग संपायच्या आतच, २ मे १९९९ ला, माल्टातल्या एका बारमध्ये पिता पिता तो कोसळला आणि गेला. वय ६१. उरलेलं काम बदली माणूस आणि संगणक यांच्यावर भागवावं लागलं. त्याचे आधीचे प्रसंग शांतपणे बघा: म्हातारपणी काय काय करू शकला असता, ते तिथं दिसतं.

एवढं बघून झालं की आपल्या नाटकातला धमकीचा एकच संवाद निवडा. निम्म्या आवाजात, हात न उचलता, समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणा. समोरचा नट मागं सरला तर तसाच ठेवा. नाही सरला तर आवाज आणखी खाली आणा.