मित्राबरोबर भाड्याने घर घेताय? चाव्या हातात आल्या त्याच संध्याकाळी बोलून घ्या

जर्मनीतल्या श्टुटगार्टला येऊन मला १२ वर्षं झाली. पहिली दोन मी कॉलेजातल्या मित्राबरोबर ३८ चौरस मीटरच्या घरात काढली. एका ताटात जेवलेले आम्ही, पण खिडकीवरून रोज भांडायचो.

इथे हिवाळ्यातही दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवावी लागते. नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि घर सोडताना डिपॉझिटवरून वाद होतो. मित्र लसणाची फोडणी टाकायचा, मी खिडकी उघडायचो, तो कानटोपी चढवून येऊन बंद करायचा. एकदा मोहरी तडतडली आणि धुराचा अलार्म कोकलला. तो स्टुलावर चढलेला, मी खाली टॉवेलने वारा घालतोय, शेजारी दारात उभे! त्या रात्री नियम ठरला: फोडणी ज्याची, खिडकी त्याची, दुसऱ्याने तेवढा वेळ जॅकेट घालून बसायचं.

दुसरी गोष्ट केअरवोखे, म्हणजे जिना झाडण्या-पुसण्याची आठवड्याची पाळी. आपली पाळी आली की दारावर पाटी लटकते. मला वाटलं त्याने झाडला, त्याला वाटलं मी. रविवारी खालच्या आजी बेल वाजवून उभ्या! ही पाळी घराची असते, म्हणून आपसात कोणाचा आठवडा ते आधीच कॅलेंडरवर लिहा. इथले जुने रहिवासी ही गोष्ट मनापासून मानतात, आणि मला ते आवडतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. भाडेकरारात दोघांची नावं हवीत. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, दोघांनीही करायची. पत्रपेटीवर दोन्ही आडनावं लावाच. नाव नसेल तर बँकेचं कार्डसुद्धा परत जातं. रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिना १८.३६ युरो, ती माणशी नसून घरटी असते. वर्गणीचं पत्र दोघांनाही येतं. एकाने भरायची, दुसऱ्याने पत्राच्या उत्तरात भरणाऱ्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा. डिपॉझिट कोणी किती भरलं तेही लिहून ठेवा, मैत्री कितीही जुनी असो.

आणि रविवार इथे शांततेचा, तेव्हा मिक्सर लावू नका. वाटण शनिवारी रात्री दहाच्या आत करून फ्रिजमध्ये ठेवा.