कोकणात छोटी खोपी बांधायचीय? मग छपरापासून सुरुवात करा

शांतपणे चार दिवस काढायला रानात एक खोली असावी असं मनात आलं की आपण सगळे पहिला बघतो तो व्ह्यू. मीपण तेच केलं, कुडाळजवळ आमच्या काजूच्या बागेत. पश्चिमेला दरी दिसते म्हणून मोठी खिडकी त्याच बाजूला काढली, छप्पर भिंतीच्या बाहेर जेमतेम दीड फूट आणलं, आणि पहिल्याच जुलैत ती अख्खी भिंत आतून ओली, गादीवर हिरवी बुरशी, खिडकीची फळी फुगली ती उघडेचना. शेजारच्या गवंड्याने बघून एवढंच सांगितलं, "पावस खयसून मारता ता आदी बघूक व्हया." म्हणजे पाऊस कुठून मारतो ते आधी बघायला हवं.

तर जागा एप्रिलमध्ये बघून ठरवू नका. जुलैत छत्री घेऊन दोन दिवस त्याच जमिनीवर फिरा, पाणी कुठून उतरतं, कुठे साचतं, तिथे खुंट्या मारून ठेवा आणि त्या वाटा सोडून जोत्याची जागा धरा. जोतं दोन फूट तरी हवंच. डोंगर कापून सपाटी करायला जेसीबी आणू नका, आणि उभ्या उताराच्या पायथ्याशी तर बांधूच नका, माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३, तिन्ही दरडी जुलैतल्याच आहेत. शेतजमीन असेल तर बांधायच्या आधी तलाठी आणि ग्रामपंचायतीत चौकशी करा, नंतर धावपळ नको.

आता छप्पर. दोन माणसांना १२ बाय १५ फुटांची एक खोली भरपूर होते, पण तिला सहा फुटांची पडवी पाहिजेच, दिवसातला निम्मा वेळ तुम्ही तिथेच बसणार आहात. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूला भिंत शक्यतो बंद ठेवा आणि छप्पर तीन फूट तरी बाहेर काढा, मोकळी पडवी पूर्वेला किंवा उत्तरेला. दरी पश्चिमेलाच असेल तर तिकडे छोटी, खाली बसून दिसेल अशी खिडकी ठेवा, जमिनीपासून दीड फुटावर. मी शेवटी तसंच केलं, सतरंजीवर बसलं की समोर दरी आणि पागोळ्या एकदमच दिसतात.

वर पत्रा की कौल? पत्रा स्वस्त पडतो, वानरं फोडत नाहीत, पण जोराचा पाऊस आला की आत शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, आणि आपण आलोय ते शांततेसाठी. मंगलोरी कौलं घ्या, जुन्या पाडलेल्या घरांची चांगली मिळतात, वासे-रिपांसाठी सागवानही तिथूनच बघा. छपराला साधारण ३० अंशांचा उतार द्या, कमी दिला की वाऱ्याबरोबर पाणी कौलाखाली शिरतं. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून काजूच्या टरफलाचं तेल लावतात, हातमोजे घालूनच लावा, कातडी भाजते.

भिंतीला चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा, दुसरं काही लांबून आणायची गरजच नाही. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, हवेत राहिला की कडक होतो. केरळात हाच दगड बघून बुकानन नावाच्या स्कॉटिश सर्वेक्षकाने १८०७ साली त्याला लॅटराइट नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. बाहेरून सिमेंटचा गिलावा नको, भिंतीत मुरलेलं पाणी बाहेर पडू दे, आतून चुना पुरे. शेणाची जमीन मला मनापासून आवडते पण ती सारखी सारवावी लागते, तुम्ही महिन्यातून एकदाच जाणार असाल तर कोबाच करा.

बंद खोलीचा खरा शत्रू कोंदटपणा. भिंत आणि छपराच्या मध्ये वीतभर फट ठेवा, जाळी मारून, दोन्ही बाजूंना, म्हणजे कुलूप असलं तरी हवा खेळते. कापसाची गादी ठेवूच नका, घोंगडी आणि सतरंज्या आडव्या बांबूवर टांगून ठेवायच्या.

पाण्याचा हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. पडवी आणि बाहेर काढलेला भाग धरून आपलं छप्पर साधारण ३० चौरस मीटर, म्हणजे १०० मिलिमीटरच्या एका दिवसात ३,००० लिटर, पाच हजारांची टाकी दोन दिवसांत भरते. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, नंतरचं साठवा. माणशी ५० लिटर धरले तर दोघांना ५० दिवस पुरतं, आणि ते तुम्हाला लागणार एप्रिल-मेमध्ये, विहिरी तळाला गेल्या की. संडास दोन खड्ड्यांचा, आळीपाळीने वापरायचा, विहिरीपासून ५० फूट तरी लांब, जांभ्यातून पाणी झिरपतं म्हणून मी तर अजूनच लांब नेलाय. विजेला १०० वॉटचं सोलर पॅनल आणि तीन-चार एलईडी दिवे बस, जुलैत ऊन नसतं, फ्रिजचा विचार सोडा.

आणि दरवर्षी मेमध्ये शाकारणी करून घ्यायची, फुटकी कौलं बदलायची, पन्हळ साफ करायची, पावसाच्या बाजूला झापं, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या, बांधायची, सगळं मृगाच्या आधी. गावातली माणसं मेअखेर प्रत्येक घरी अडकलेली असतात, म्हणून एप्रिलमध्येच सांगून ठेवा.