कमांडच्या मदतपानात ‘डीफॉल्ट’ लिहिताना या चुका टाळा

‘काही न दिल्यास डीफॉल्ट लागू.’ डीफॉल्ट म्हणजे आपण काही सांगितलं नाही तर प्रोग्राम स्वतःहून धरतो ती व्हॅल्यू. मदतपानांत हे वाक्य सर्रास सापडतं आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. काही न दिल्यास म्हणजे नेमकं काय? पर्यायच लिहिला नाही, की पर्याय लिहून पुढची व्हॅल्यू सोडली?

मेक घ्या, म्हणजे सोर्स कोडपासून प्रोग्राम तयार करणारी कमांड. एका वेळी किती कामं चालवायची हे सांगणारा तिचा ‘-जे’ पर्याय दिलाच नाही तर एका वेळी एकच काम चालतं. नुसता ‘-जे’ दिला तर मर्यादाच उरत नाही. प्रोजेक्ट मोठा असेल तर मेमरी भरते आणि मशीन अडकतं. म्हणून तीन वेगळी वाक्यं लिहा: पर्याय न दिल्यास १ काम; नुसता ‘-जे’ दिल्यास अमर्याद; ‘-जे ४’ दिल्यास जास्तीत जास्त ४. पान लांबलं तरी चालेल.

फाइलींची यादी दाखवणाऱ्या जीएनयू एलएस कमांडच्या ‘--कलर’चंही तेच. न दिल्यास रंग नाहीत, नुसता दिल्यास नेहमी रंग. पण उबुंटूवर नुसतं एलएस चालवलं तरी रंग दिसतात, कारण तिथल्या बॅश (कमांड चालवणारा शेल) सेटिंगमध्ये ‘--कलर=ऑटो’चा एलियास, म्हणजे एलएस लिहिलं की हा पर्याय आपोआप जोडणारं टोपणनाव, आधीच असतो. मग वाचक पानालाच खोटं ठरवतो. लिहिण्याआधी ‘\एलएस’ चालवून पाहा, एलियास बाजूला राहतो. तपासणी शक्यतो नव्या युजर खात्यातून करा. तुमच्या खात्यातली कॉन्फिग फाइल म्हणजे प्रोग्रामचा डीफॉल्ट नव्हे.

‘डीफॉल्ट ०’ एवढंच लिहून थांबू नका. ठरावीक वेळेनंतर प्रोग्राम थांबवणाऱ्या टाइमआउट कमांडला ० दिलं की वेळेची मर्यादा निघून जाते. सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारा प्रोग्राम) पासवर्ड किती वेळ पुन्हा मागत नाही हे ठरवणाऱ्या त्याच्या टाइमस्टॅम्प_टाइमआउट सेटिंगला ० दिलं तर मात्र दर वेळी पासवर्ड मागितला जातो. शून्याने काय घडतं ते शब्दांत सांगा. एककही लिहा: सुडोचा तो आकडा मिनिटांत असतो, ठरावीक वेळ थांबवून ठेवणाऱ्या स्लीप कमांडचा सेकंदांत.

वेळ लिहिताना टाइमझोन हवाच. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल आणि पानात फक्त ‘रोज पहाटे २ वाजता’ असेल, तर ऐरोली-महापेतल्या टीमसाठी ते काम सकाळी ७:३० ला सुरू होतं. ड्युटीवरचा माणूस पहाटे उठून लॉग चाळतो, लॉगमध्ये काहीच नसतं.

प्लॅटफॉर्मही नोंदवा. दुसरं मशीन उत्तर देतं का हे तपासणारं पिंग विंडोजवर ४ पॅकेट पाठवून थांबतं. लिनक्सवर कंट्रोल-सी दाबेपर्यंत चालूच राहतं.