पदोन्नती हुकली? सरकारी नोकरीतल्या या चुका टाळा

पदोन्नतीचा आदेश निघाला की आस्थापना शाखेत पेढे येतात आणि पेढ्यांच्या मागोमाग "माझ्या ज्युनिअरला कसं काय मिळालं?" असं विचारणारे येतात. त्यांची खात्री झालेली असते की साहेबाचा राग, पैसा किंवा मंत्रालयातली कोणाची तरी ओळख आडवी आली. कधीकधी ते खरंही असतं. पण आस्थापनेच्या टेबलावर नोकरी काढलेल्या माणसाला विचाराल तर बहुतेक वेळा आडवा आलेला असतो एक कागद, आणि त्यावर तक्रारदाराचीच सही असते.

विभागीय पदोन्नती समिती तुम्हाला बघत नाही. तुम्ही रविवारी ऑफिसला आलात, निवडणुकीत रात्र जागून काढलीत, हे तिच्या टेबलावर नसतं. तिथे असते ज्येष्ठता यादी, काही वर्षांचे गोपनीय अहवाल (वरिष्ठाने दर वर्षी तुमच्या कामावर लिहिलेले), परीक्षेचा निकाल आणि चौकशी आहे किंवा नाही एवढा दाखला. महाराष्ट्रात निवडसूचीचं, म्हणजे पदोन्नतीसाठी निवडलेल्यांच्या यादीचं, वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. लोक जागे होतात ते बैठक झाल्यावर.

ज्येष्ठता यादी न वाचता "पाहिली" म्हणून सही करणं

या चुकीचा मला मनापासून कंटाळा आला आहे. १ जानेवारीची स्थिती दाखवणारी तात्पुरती ज्येष्ठता यादी निघते, हरकती मागवल्या जातात, यादी टेबलाटेबलावर फिरते. माणूस स्वतःचं नाव शोधतो, नाव दिसलं की सही ठोकतो आणि चहाला जातो. आपण कोणाच्या खाली आहोत आणि का, हे कोणी बघत नाही.

एका कार्यालयातल्या लिपिक बाईंचं प्रकरण सांगतो. सरळसेवेच्या, म्हणजे थेट भरतीच्या, निवड यादीत त्या बऱ्याच वर होत्या. आधीच्या नोकरीतून कार्यमुक्त व्हायला वेळ लागला म्हणून दोनेक आठवडे उशिरा, पण मुदतीत रुजू झाल्या. यादी करणाऱ्या पठ्ठ्याने सगळ्यांना रुजू दिनांकाप्रमाणे ओळीत बसवलं. बाई गेल्या तळाला. नियम असा की एकाच निवडीतल्या सरळसेवेच्या उमेदवारांची आपसातली ज्येष्ठता गुणवत्ताक्रमाने लागते. नियुक्तीच्या आदेशापासून तीस दिवसांत किंवा वाढवून दिलेल्या मुदतीत रुजू झालं की झालं. म्हणजे बाईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. फक्त ते म्हटलं नव्हतं. दर जानेवारीत तीच चूक पुढच्या यादीत उतरत गेली आणि दर वर्षी बाईंची टपोरी सही त्याखाली होती.

अव्वल कारकुनाच्या पदोन्नत्या निघाल्या, खालचे चौघे वर गेले, तेव्हा बाई रडत आल्या. मग मूळ निवड यादी शोधा, ती रेकॉर्डरूममध्ये उंदरांच्या ताब्यात. सेवापुस्तक काढा, टिप्पणी चढवा, वरून शेरा येतो, "इतकी वर्षे हरकत का घेतली नाही?" शेवटी मानीव दिनांक, म्हणजे पदोन्नती तेव्हाच मिळाली असं धरायची तारीख, मिळाला, कागदावर वेतननिश्चितीही झाली. मधल्या काळाची थकबाकी मात्र नाही, कारण त्या पदावर काम केलेलं नाही. आणि ज्यांना आपण कामं शिकवली त्यांच्या हाताखाली काढलेली वर्षं कोणत्या शासन निर्णयाने भरून येतात?

माझी सवय सांगतो. तात्पुरती यादी आली की तिचा फोटो नाही, झेरॉक्स काढायची. आपल्या वरची पाच आणि खालची पाच नावं निवड यादीशी ताडायची. जन्मतारीख, प्रवर्ग, परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा दिनांक, शेरा हे रकाने वाचायचे. हरकत असली तर मुदतीत, लेखी, आवक क्रमांकाची पोच घेऊन. बाबूंना तोंडी सांगितलं ही हरकत नव्हे.

गोपनीय अहवाल शेवटच्या दिवशी उरकणं

वर्ष ३१ मार्चला संपतं आणि एप्रिल-मे मध्ये सगळ्यांना एकदम साक्षात्कार होतो. स्वयंमूल्यमापनात काय लिहितात? "नेमून दिलेली सर्व कामे वेळेत पूर्ण केली." शेजाऱ्यानेही तेच, त्याच्या शेजाऱ्यानेही तेच, कारण तिघांनी एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवरून उतरवलेलं. मग अहवाल लिहिणारा वरिष्ठ, म्हणजे प्रतिवेदन अधिकारी, तरी तुम्हाला वेगळं काय लिहिणार? तो "चांगला" लिहितो आणि मोकळा होतो.

हा "चांगला" घातक ठरू शकतो, हे नव्या पोरांना पटत नाही. सीमा सडक संघटनेच्या अभियांत्रिकी सेवेतले देव दत्त हे कार्यकारी अभियंता. अधीक्षक अभियंता होण्यासाठी पाच वर्षं "अतिशय चांगला" ही प्रतवारी हवी होती. त्यांच्या १९९३-९४ च्या अहवालात नुसतं "चांगला" होतं आणि ते त्यांना कोणी कळवलंही नव्हतं, कारण तो शेरा काही प्रतिकूल नाही. १९९४ ला समिती बसली, त्यांची निवड झाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. तोवर ते निवृत्त झाले होते. पुढे २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी हेच कायम केलं.

या निकालाचा फायदा आपण किती घेतो? गट अ आणि ब च्या लोकांचे अहवाल सरकारच्या "महापार" प्रणालीवर ऑनलाइन दिसतात, तरी उघडून न बघणारे महाभाग मला माहीत आहेत. बाकीच्यांनी प्रत मागावी. दिली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा, स्वतःचाच अहवाल आहे. कमी प्रतवारी पटली नाही तर मुदतीत अभिवेदन, म्हणजे आपली बाजू मांडणारा लेखी अर्ज, द्यायचं, आणि ते आकड्यांवर बोलणारं हवं: किती प्रकरणं आली, किती निकाली काढली, किती लेखा आक्षेप मिटवले. हे आकडे मे महिन्यात आठवत नाहीत. मी दर महिन्याच्या शेवटी जुन्या नोंदवहीच्या मागच्या पानावर चार ओळी लिहून ठेवायचो. लोक हसायचे. एप्रिलमध्ये तीच वही मागायला यायचे.

आणखी एक. अधिकाऱ्याची बदली झाली तर त्याच्या काळाचा अहवाल तो जाण्याआधी लिहून घ्या. नंतर तो गडचिरोलीला, तुम्ही अलिबागला, आणि समितीपुढे "अहवाल अप्राप्त".

विभागीय परीक्षा "पुढच्या वर्षी बघू"

महसुलात दुय्यम सेवा परीक्षा, मग महसूल अर्हता परीक्षा. प्रत्येकीला वर्षांची आणि संधींची मर्यादा. ती ओलांडलीत तर नंतर पास होऊनही ज्येष्ठता घसरते. स्पर्धा परीक्षा फोडून आलेली मुलं इथे आळस करतात, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

पदोन्नती नाकारणं

मुलाची दहावी आहे, गाव लांब आहे, म्हणून लोक नकार लिहून देतात. कारण खरं असतं, पण दहा-वीस-तीस वर्षांच्या आश्वासित प्रगतीच्या (पदोन्नती नसतानाही मिळणाऱ्या वरच्या वेतनाच्या) लाभावर याने पाणी पडतं हे सही करताना कोणी विचारत नाही. आधी विचारा.

विनंतीवरून आंतरजिल्हा बदली

घराजवळ येता आणि ज्येष्ठतेत तळाला जाता. हिशेब करूनच अर्ज लिहा.

मत्ता व दायित्व (मालमत्ता आणि कर्ज) विवरणपत्र न देणं

३१ मे पर्यंत द्या. यावर आणखी काय लिहू?

"चौकशी लागलीय" ऐकून गप्प बसणं

कोणीतरी निनावी तक्रार करतं, प्राथमिक चौकशीची कुणकुण लागते आणि माणूस खचून समितीचा नादच सोडतो. जानकीरामन प्रकरणात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मोहोरबंद पाकिटाची पद्धत, म्हणजे समितीचा तुमच्याबद्दलचा निर्णय चौकशी संपेपर्यंत पाकिटात बंद ठेवणं, दोषारोपपत्र बजावल्यावरच लागू होते. नुसत्या कुजबुजीवरून तुमचं नाव बाजूला ठेवता येत नाही. तेव्हा दोषारोपपत्र बजावलं आहे का, हे लेखी विचारा. आणि खरंच बजावलं असेल तर उत्तर लांबवू नका. तारखा मागून वेळ काढण्याच्या हुशारीत पाकीट तेवढंच बंद राहतं.

डावललं गेल्यावर अर्जावर अर्ज

पदोन्नती हा हक्क नाही. पात्र असाल तर तुमचा विचार होणं हा हक्क आहे, आणि भांडायचं ते तेवढ्यावरच. लोक मात्र साहेबाला अर्ज, आयुक्तांना अर्ज, पालकमंत्र्यांना निवेदन, पुन्हा स्मरणपत्र अशी माळ लावतात आणि मामा मंत्रालयात आहे म्हणून थांबतात. मामा निवृत्त होतो. मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जायला आदेशापासून एक वर्ष. कायदेशीर अर्जावर उत्तरच आलं नाही तर सहा महिने वाट बघून त्यापुढे एक वर्ष. पुन्हा पुन्हा अर्ज केल्याने ही मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या राठोर प्रकरणात १९८९ पासून ठरलेलं आहे. एकच नेटका अर्ज करा, सोबत यादीची, अहवालाची आणि निवड यादीची प्रत लावा, पोच जपून ठेवा आणि कॅलेंडरवर तारीख लिहा. मॅटचं मुख्य पीठ मुंबईत, बाकी नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना मात्र मॅटचं दार नाही. त्यांनी तिथे वकिलाची फी भरण्याआधी विभागीय आयुक्त आणि उच्च न्यायालय यांचा रस्ता नीट विचारून घ्यावा.