कॅन्सरची गोळी काम करेनाशी झाली तर आधी काय बघायचं

तासगावच्या द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, एकच बुरशीनाशक सारखं मारत राहिलं की भुरी दाद देत नाही, कारण जी थोडी आधीपासून चिवट होती तीच वाचते आणि तीच पसरते. कॅन्सरच्या पेशींचं बरंचसं असंच. काही पेशी औषध आत आलं की पंपासारखं प्रोटीन वापरून बाहेर फेकतात, काही वाढ थांबवून नुसत्या पडून राहतात, आणि काही औषध जिथं चिकटतं ती जागाच बदलतात. त्यामुळं "पथ्य पाळलं नाहीस म्हणून असं झालं" हे पेशंटला ऐकवणं घरच्यांनी आधी बंद करा, खरंच.

मग पहिलं बघा गोळ्या रोज जातात का. सीएमएल म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार, त्यात 2001 पासून इमॅटिनिब ही गोळी आहे, पेशंट ठणठणीत दिसतो आणि म्हणूनच बरं वाटतंय म्हणून गोळ्या सुटतात. दुसरं, बाकी काय चालू आहे ते सगळं डॉक्टरांना सांगा, काढे आणि गावठी औषधंसुद्धा. ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल आपल्याकडं कुणीही सहज घेतं, पण तिच्यामुळं डासाटिनिब किंवा एर्लोटिनिब ही कॅन्सरची औषधं अंगात नीट शोषली जात नाहीत. मात्र स्वतःच्या मनानं कुठलीच गोळी बंद करू नका.

तिसरं, फाईल. जत-आटपाडीवरनं मिरजेला येणाऱ्यांनी तर सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणं लावूनच आणा. सीएमएलमध्ये बीसीआर-एबीएलचा, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या बिघडलेल्या जनुकाचा, पीसीआर (रक्तात ते जनुक किती उरलंय ते मोजणारी टेस्ट) सुरुवातीला दर 3 महिन्यांनी होतो, 3 महिन्यांनंतर आकडा 10 टक्के किंवा त्याखाली यायला हवा, आणि शक्यतो एकाच लॅबमधून करा नाहीतर आकडे जुळवताना घोळ होतो.

गोळ्या नियमित असूनही आकडा चढत असेल तर म्युटेशन टेस्टबद्दल, म्हणजे कॅन्सरच्या जनुकात नवा बदल झालाय का ते बघणाऱ्या टेस्टबद्दल, विचारा. त्यात टी315आय नावाचं म्युटेशन निघालं तर इमॅटिनिबच काय, डासाटिनिब, निलोटिनिबही चालत नाही, पोनॅटिनिब मात्र चालतं. म्हणजे टेस्ट न करता नुसती गोळी बदलून बघण्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातं.

फुफ्फुसाच्या ईजीएफआरवाल्या (ईजीएफआर या जनुकात बदल असलेल्या) कॅन्सरमध्ये जेफिटिनिब ही गोळी थकली की टी790एम हे म्युटेशन शोधतात, सापडलं तर ओसिमर्टिनिब ही दुसरी गोळी देता येते. ही तपासणी रक्तातूनही होते, पण रक्तात नाही आलं म्हणजे म्युटेशन नाहीच असं धरू नका, गाठीचा तुकडा पुन्हा काढून बघायचा का ते त्याच व्हिजिटला विचारून घ्या.